कपाळाला लावायचा बॉल

माझा नवरा वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुमचं त्याच्याबद्दलचं मत बिघडेल, आणि बिघडलं तर मी तुम्हाला बोल लावणार नाही. लग्नानंतर मी त्याच्यावर चिडले, रुसले, एकदा तर बॅग भरून बहिणीकडे शिकागोला निघून गेले, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी बाजारात पोटभर जिलबी खाल्ली आणि राग उतरल्यावर परत आले. पण त्याची लाज मला कधी वाटली नव्हती. ती या ऑक्टोबरात वाटली, आणि अजून गेलेली नाही.

त्याचं नाव लहू रामटेके. मूळचा कामठीचा. नागपूरला लागून असलेलं छावणीचं गाव, तिथे पोट्टे चालायला शिकतात ते बॉलच्या मागे जायला म्हणून. आता आम्ही अमेरिकेत रेडमंडला राहतो. लहू एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो तुला, असं मी त्याला चिडवते, आणि घरी येऊन माझ्या आमटीतसुद्धा शोधतो. सकाळी पावसात बस पकडतो, संध्याकाळी पावसातच परत येतो. मितभाषी, मोजे इस्त्री करून घालणारा, कुणी रस्ता विचारला तर अर्ध्या वाटेपर्यंत सोडायला जाणारा माणूस. ऑफिसात तो 'लहू आर.' आहे. आडनाव एका अक्षरावर आणलंय त्याने. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, अमेरिकनांना उच्चार जमत नाही. मी म्हटलं, त्यांना श्रीनिवासराघवन जमतं, रामटेके जमत नाही होय? त्यावर त्याने लॅपटॉप उघडला.

रविवारी मात्र हा माणूस वेगळा असतो. गळ्यात शिट्टी, हातात चहाचा मोठा थर्मास, आणि पार्कच्या चिखलात चाळीसेक मुलं. मराठी, तेलुगू, गुजराती, दोन-चार मेक्सिकन, सगळी त्याला 'लहू काका' म्हणतात. क्लबचं नाव 'कन्हान रेडमंड'. कन्हान ही आमच्या कामठीजवळची नदी. क्लब त्याने एकट्याने उभा केला. उपासना, आमची मुलगी, तेव्हा बालवाडीत होती, तिला खेळायला कुणी नव्हतं म्हणून चार पोरं गोळा केली, त्याची ही एवढी वरात झाली. हा क्लब म्हणजे लहूचा जीव. आणि त्याच क्लबात त्याने जे केलं ते सांगायचं, तर आधी कामठीचा मूळ क्लब सांगायला हवा.

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातली गोष्ट. कामठीच्या छावणीत गोऱ्या शिपायांची पलटण होती आणि ते संध्याकाळी मैदानात फुटबॉल खेळत. लहूच्या पणजोबांचे वडील डोमा रामटेके, छावणीत मेलेली जनावरं ओढायला होते. घोडा मेला, बैल मेला, डोमाला हाक. एकदा गोऱ्यांचा बॉल फाटला, आतला रबराचा फुगा गेला, त्यांनी तो खंदकात फेकून दिला. डोमाने तो उचलला. मेलेल्या बैलाच्या पोटातला लघवीचा फुगा काढून धुतला, वाळवला, बोरूच्या नळीने तोंडाने फुगवला आणि कातड्याच्या आत घालून वादी ओवली. झाला बॉल. वस्तीतली पोरं त्या बॉलने अनवाणी खेळायला लागली.

बाजारातली पोरं बघायला यायची. त्यांनाही खेळायचं होतं. पण त्यांच्या घरचे म्हणाले, बॉल मेलेल्या बैलाचा, आणि आत डोमाचा उष्टा श्वास. लाथ मारली तर एक वेळ पाय धुता येतील, पण डोक्याला लागला म्हणजे? त्यामुळे बॉल उंच आला की बाजारातली पोरं खाली वाकायची. डोमाच्या हे लक्षात आलं. त्याने आपल्या पोरांना सांगितलं, बॉल जमिनीवर ठेवूच नका, वरून खेळा, आणि आपण डोक्यावर घ्या. मग काय, जिंकतच गेले. गोऱ्यांनासुद्धा एकदा हरवलं म्हणतात. इंग्लंडात तेव्हा पैसे न घेता खेळणाऱ्याला सज्जन खेळाडू म्हणत. डोमाच्या टीमला कुणी पैसे देऊच करत नव्हतं, म्हणजे तेही सज्जनच.

त्या टीमचा पुढे क्लब झाला आणि एक प्रथा पडली. नवा कुणी खेळायला आला की त्याच्याकडे बॉल उंच टाकायचा. डोक्यावर घेतला तर तो आपला, मग कुठल्या का जातीचा असेना. वाकला तर घरी जा. बाजारातला एक पोट्टा आला, त्याने घेतला. घरी त्याला अंगणात थंड पाण्याने आंघोळ घालून मग आत घेतलं. दुसऱ्या दिवशी तो परत मैदानात हजर. ही गोष्ट रामटेक्यांच्या घरात बापाने पोराला सांगायची. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरेबुवांनी मला चहाच्या आधी ही गोष्ट सांगितली होती. मला वाटलं, बरं घर मिळालं.

तर हे झालं खरं. आता लहूचं ऐका.

इथे लहान मुलांनी बॉल डोक्याने मारायचा नाही असा नियम आहे, मेंदूला धक्का बसतो म्हणून. नियम बरोबरच आहे. पण लहूला प्रथा सोडवेना. म्हणून तो नव्या मुलाच्या हातात बॉल द्यायचा आणि कपाळाला टेकवायला सांगायचा. पहिल्याच वर्षी प्रीताने ते पाहिलं. प्रीता पुण्याची, हसतमुख, सगळ्यांच्या मदतीला धावणारी, क्लबच्या सगळ्या कार्यक्रमांचं बघते. ती म्हणाली, "आपण पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करतो ना, तसं का हे? किती छान संस्कार देताय मुलांना." आणि लहू म्हणाला, "हो, तसंच काहीसं."

तिथे सुरुवात झाली. मग प्रीताच्याच घरी जेवायला गेलो असताना तिचा नवरा देवांग म्हणाला, "रामटेके म्हणजे रामटेकच्या देवस्थानाशी काही संबंध का?" लहू म्हणाला, त्याच बाजूचे आम्ही. खोटं नव्हतं. रामटेक आहेच त्या बाजूला. नागपूरचा एकही माणूस फसला नसता, आमचं आडनाव ऐकताच त्याला कळलं असतं आम्ही बौद्ध आहोत ते. पण टेबलावर सगळे पुण्या-मुंबईचे. मी लहूकडे पाहिलं, तो पोळीचे बारीक तुकडे करत होता.

मग वेबसाइट आली. तिच्यावर क्लबचा इतिहास हवा. डोमाचे आधी डोमाजी झाले, मग डोमाजीराव. एका वर्षी हवालदार झाले, दुसऱ्या वर्षी सुभेदार. लहूला ऑफिसात इतक्या वर्षांत मिळाली नाही तेवढी बढती त्या मेलेल्या माणसाला मिळाली. मी बोलले तेव्हा म्हणाला, "सुजाता, कुणाचं काय बिघडतंय? मुलं खेळताहेत ना?" आमच्या दिवाणखान्यात बुद्ध आहे, तो अमेरिकेत सगळ्यांकडेच असतो, योगावाल्यांच्या दुकानातसुद्धा. बाबासाहेबांचा फोटो वर, झोपायच्या खोलीत.

त्याची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. पुण्याला पहिल्या नोकरीत तो असा नव्हता. मोकळेपणाने 'जय भीम' म्हणायचा. डबा खायला आठ-दहा जणांचं टोळकं होतं. एकदा कुणीतरी विचारलं, याने सांगितलं. कुणी काही बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून टोळकं जेवायला कधी उठतं ते त्याला कळेनासं झालं. कँटीनमध्ये पोचायचा तेव्हा सगळ्यांचे डबे झाकलेले असायचे. ते त्याच्या पोटात कुठेतरी बसलंय. इथे नवीन कुणी भेटलं आणि "तुम्ही मूळचे कुठले?" म्हणालं की अजून त्याचा कान लाल होतो. हे मला कळतं. कळतं म्हणून तर मी इतकी वर्षं चालवून घेतलं.

या उन्हाळ्यात मामाजी आले. मामाजी म्हणजे माझे सासरे, परसराम रामटेके. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते आणि कामठीच्या त्या क्लबाचे गोलकीपर. उजव्या हाताची करंगळी कुठल्याशा फायनलमध्ये मोडली ती तशीच वाकडी राहिली. सासूबाई गेल्यापासून एकटेच होते, मीच हट्टाने बोलावून घेतलं. रविवारी मैदानाकडेला घडीची खुर्ची टाकून बसायचे आणि मुलांना नागपुरीत ओरडायचे, "काय करून राहिला बे, बॉलकडे पाह्य ना." तेलुगू मुलांनासुद्धा कळायचं. पोरं जाम खूश.

फक्त एक झालं होतं. पहिल्याच रविवारी मामाजी आल्या आल्या सगळ्यांना हात जोडून 'जय भीम' म्हणाले, आणि लहू पटकन मध्ये पडून म्हणाला, "बाबा, इथे हाय-हॅलो म्हणतात."  पुढच्या रविवारपासून मामाजी नुसती मान हलवायचे.

क्लबच्या वाढदिवसाचा कार्यक्रम ऑक्टोबरात ठरला, दसऱ्याला लागून. प्रीताचा फोन आला, काकांना बोलवूया, काका मूळ क्लबमध्ये खेळलेत, त्यांच्याच तोंडून इतिहास ऐकायचा. छान कल्पना होती. लहूचा चेहरा मात्र उतरला.

आदल्या दिवशी मामाजी स्वयंपाकघरात माझ्यासोबत मेथी निवडत होते. लहू आला, फ्रीज उघडला, काही न घेता बंद केला. म्हणाला, "बाबा, उद्या ते कातड्याचं नको."

"कोणतं?"

"तेच. बैलाचा फुगा वगैरे. लोक मिक्स आहेत. प्रोग्रामनंतर लगेच जेवण आहे."

"मग बॉल कशाचा सांगू? प्लॅस्टिकचा?"

"नुसता बॉल म्हणा ना. आणि डोमा आजोबा सुभेदार होते असं वेबसाइटवर आहे. तेवढं सांभाळून घ्या."

मामाजी हसले. खरंच हसले, त्यांना वाटलं पोरगं गंमत करतंय. मग त्यांनी लहूचं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं. मेथीची एक काडी किती वेळ निवडत राहिले. "डोमा सुभेदार," म्हणाले, आणि मग म्हणाले, "बरं."

मी लहूला म्हटलं, लाज नाही वाटत? बापाला खोटं बोलायला लावतोस? तो म्हणाला, "एका दिवसाचा प्रश्न आहे, सुजाता. बाबा जानेवारीत परत जातील. मला इथेच राहायचंय." आणि वर निघून गेला.

कार्यक्रम पार्कच्या हॉलमध्ये होता. बाहेर आमचा नेहमीचा भुरभुर पाऊस. आत प्रीताने जीव ओतून सजवलं होतं. झेंडूची तोरणं, आणि मधोमध पाटावर लाल कापड घालून त्यावर फुटबॉल, हळदकुंकू लावलेला. "दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो ना काका, आपलं हत्यार हेच," ती म्हणाली. मनात काही वाकडं नव्हतं बिचारीच्या. मामाजी पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून आले होते. नागपुरात असते तर त्या दिवसांत दीक्षाभूमीवर असते, बाबासाहेबांनी धम्म दिला त्या जागी. चुकवलं नव्हतं कधी. सगळे म्हणाले, काका पांढऱ्यात किती रुबाबदार दिसतात. आरतीचं ताट पुढे आलं तेव्हा गुडघा दुखतो म्हणून ते मागे खुर्चीवर जाऊन बसले. लहूने आरती केली. मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

मग मामाजींच्या हातात माइक दिला. आणि काय सांगू, माणसाने हॉल जिंकला. छावणी, मैदान, बूट घातलेले गोरे आणि अनवाणी पोट्टे, धूळ, कन्हानच्या वाळूत केलेला सराव. लोक हसत होते, पोरं तोंड उघडं टाकून बसली होती. फाटलेल्या बॉलपाशी आले. "तो बॉल मग दुरुस्त केला," एवढंच म्हणाले आणि पुढे गेले.

झालं असतं तिथेच. पण प्रीताने हात वर केला. "काका, ती कपाळाला बॉल लावायची प्रथा कशी सुरू झाली? ते सांगा ना. मला ते फार आवडतं."

मामाजींनी लहूकडे पाहिलं. मी त्यांच्या शेजारीच होते, मला दिसलं. एवढा पंचाहत्तरीचा माणूस, पोराच्या तोंडाकडे बघत होता, की बाबा रे, एक शब्द बोल, एवढं तरी सोडवून दे. लहू बुटाची नाडी बांधत होता. ती सुटलेली नव्हती.

"आमचे सुभेदार मोठे धार्मिक," मामाजी म्हणाले. "सकाळी आंघोळ करून आधी बॉलले नमस्कार करत. म्हणत, ज्याच्याशी आपण खेळतो तो देवच. म्हणून आम्ही कपाळाले लावतो." आवाज एकदम गुळगुळीत. नागपुरी ठसकासुद्धा अर्धा पुसून टाकलेला.

टाळ्या थांबेनात. देवांगने सगळं फोनवर घेतलं होतं, तिथल्या तिथे वेबसाइटवर टाकलं. मामाजी खाली बसले आणि माझ्याकडे पाणी मागितलं. ती वाकडी करंगळी बाहेर ठेवून एका दमात ग्लास रिकामा केला. मला इतकी लाज वाटली की वाटलं, आत्ता इथून उठून चालत घरी जावं. लोकांची नाही वाटली. त्यांचा काय दोष, त्यांना जे दिलं ते त्यांनी घेतलं. मला माझ्या नवऱ्याची लाज वाटली.

घरी आल्यावर उपासनाने बूट काढता काढता विचारलं. ती इंग्रजीत बोलते, मी आपल्या भाषेत सांगते. "आजोबा, तुम्ही आज वेगळंच का सांगितलं? मला तर बैलाच्या फुग्याचं सांगितलं होतं. डोक्यावर घेतला तर आपला, ते."

लहू दारातच थांबला. "तुला हे कधी सांगितलं?"

"लहानपणीच. व्हिडिओ कॉलवर. मी शाळेत निबंधसुद्धा लिहिला होता. टीचरने वर्गात वाचून दाखवला."

आणि माझा नवरा म्हणाला, "कोणा कोणासमोर वाचला? क्लबमधलं कोणी होतं वर्गात?"

उपासना पंधरा वर्षांची आहे, मूर्ख नाही. तिने एक बूट हातात तसाच धरून बापाकडे पाहिलं. "डॅड, तुला डोमाची लाज वाटते?" मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे आपण लाजायचं असतं का?"

 मामाजीच म्हणाले, "लाज नाही वाटत त्याले, बेटा. भेव वाटते. लाज मले वाटते." आणि भिंतीला हात लावत जिना चढून गेले. सकाळी उठून पाहते तर त्यांनी आपली ती पांढरी कपड्यांची जोडी स्वतःच धुऊन, घडी घालून बॅगेच्या तळाशी ठेवली होती.

त्या आठवड्यात लहू बसने जायचा, यायचा, जेवायचा. शुक्रवारी मला म्हणाला, "मी सांगतो. रविवारी सगळ्यांना सांगतो." मी म्हटलं, सांग. त्याने मग बाबांनाही जाऊन सांगितलं. मामाजी म्हणाले, "सांग बाबू. मी येतो." वाटलं, चला, उशिरा का होईना.

रविवारी पाऊस थांबला होता. सराव सुरू व्हायच्या आधी लहूने मुलांना, आईबापांना गोल उभं केलं. मामाजी कडेला खुर्चीवर. लहू चांगला बोलणारा नाही. शिट्टी बोटात फिरवत, जमिनीकडे बघत बोलला. पण बोलला. म्हणाला, डोमा आजोबा सुभेदार नव्हते. ते छावणीत मेलेली जनावरं ओढायचे. आम्ही महार, आता बौद्ध आहोत. बॉल मेलेल्या बैलाचा होता, आणि बाकीचे लोक त्याला डोकं लावायला तयार नव्हते. आमचे लोक लावत होते. कपाळाला लावतो तो नमस्कार नाही. मी मनात म्हटलं, शाबास रे.

 एका आईने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. मग प्रीता पुढे आली, लहूच्या दंडाला हात लावून हळूच म्हणाली, "लहू, तुला कोणी काही बोललं का? कारण काकांनी तर परवा स्वतः सांगितलं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. व्हिडिओ आहे. तू उगीच स्वतःला असं कमी का करून घेतोस?"

"मी खरं सांगतोय, प्रीता."

"अरे पण काका तिथे खेळलेत. तू वेबसाइटवर लिहिलंयस. आता अचानक हे?" तिला खरंच समजत नव्हतं.

देवांग म्हणाला, "आणि यार, जात-बित इथे नकोच ना आणायला. मुलांसमोर. आम्ही कुणी मानतच नाही." मग तो खुर्चीकडे वळला. "काका, तुम्हीच सांगा बुवा. खरं काय? परवाचं की आजचं?"

सगळे मामाजींकडे बघायला लागले. ते उठले. टोपी काढली.

"पोरगं खरं बोलून राहिलं," ते म्हणाले. "परवा मी खोटं बोललो. म्हातारपणी फुशारकी मारावीशी वाटली. माफ करा." आणि हात जोडले, प्रीतापुढे, देवांगपुढे, त्या लहान लहान पोरांपुढेसुद्धा.

आता लहूचं एकच वाक्य बाकी होतं. 'मीच त्यांना तसं बोलायला लावलं.' पाच-सहा शब्द. ते त्या मैदानावर चारच जणांना माहीत होते, आणि बोलायचे फक्त एकाने होते. मी लहूकडे बघत होते. उपासना बघत होती. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

देवांगने पुढे होऊन मामाजींच्या पाठीवर थोपटलं. "चालतं हो काका. वयामुळे होतं असं. मनावर नका घेऊ." प्रीता मान खाली घालून आपल्या मुलाच्या जॅकेटची चेन लावत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, या म्हाताऱ्याचं आपण इतकं कौतुक केलं आणि हा असा निघाला.

लहूने शिट्टी वाजवली. "चला, दोन दोनच्या जोड्या करा," म्हणाला, आणि मुलं पळाली.

उपासना खेळली नाही. तिने बूट काढले आणि ओल्या गवतात आजोबांच्या खुर्चीला टेकून बसून राहिली. पूर्ण सराव होईपर्यंत तिने मैदानाकडे पाहिलं नाही. मी थर्मासमधला चहा ओतून दिला, मामाजी म्हणाले, नको. आयुष्यात त्यांनी चहाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

परतताना लहू ड्राइव्ह करत होता, मामाजी त्याच्या शेजारी, आम्ही दोघी मागे. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा लहू म्हणाला, "बाबा, मी सांगायला पाहिजे होतं. मीच तुम्हाला तसं बोलायला लावलं म्हणून."

"हाव," मामाजी होकारार्थी मान हलवत म्हणाले.

सिग्नल हिरवा झाला तरी लहूने गाडी हलवली नाही. मागच्याने हॉर्न दिला.

"तिथं सांगायचं होतं लेका," मामाजी म्हणाले. "इथं आम्हाले माहीत आहे."